सव्वाअकराची ओळ

सव्वाअकरा ते साडेअकरा या ओळीत काय लिहावं, हे आंबेरकरांना सलग तिसऱ्या दिवशी सुचेना. तीन नंबरच्या प्रेसपासून चार पावलांवर, खांबाला पाठ न टेकता, ते काखेत डायरी धरून उभे होते. प्रेस खाली आली, स्टीलच्या चकतीचं पातेलं झालं, जीवनने ते उचलून बाजूच्या ढिगात टाकलं, नवी चकती ठेवली आणि पेडलवर पाय दिला. सकाळपासून त्याने हे किती वेळा केलं असेल, देव जाणे. आंबेरकरांनी पेन उघडलं आणि सोमवारी, मंगळवारी लिहिलं होतं तेच लिहिलं: ‘तीन नंबर प्रेसजवळ उभा.’ खालच्या, साडेअकराच्या ओळीत लिहिलं, ‘सदर,’ म्हणजे वरचंच.

“क्या लिखते हो साब रोज रोज?” जीवनने मान न वळवता विचारलं. “मेरा नाम तो नहीं ना डाला?”

“तुझं नाही रे बाबा, माझं. माझीच हजेरी चाललीय या वयात. तू हात सांभाळ.”

ही डायरी जितेंद्रने दिलेली. जितेंद्र म्हणजे गुणवंतभाई शेठचा मुलगा. दिवाळीत शेठला अर्धांगाचा झटका आला आणि पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलेल्या जितेंद्रने भाईंदर पूर्वेचा हा भांड्यांचा कारखाना हातात घेतला. पोरगा वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, कामगारांना अहो-जाहो करायचा, पण त्याला कारखान्यात जिकडेतिकडे वेळ सांडलेला दिसायचा. पंचाण्णव सालच्या फेब्रुवारीत त्याने आपल्या दोन्ही मॅनेजरांना, म्हणजे फॅक्टरी बघणारे आंबेरकर आणि मार्केटिंगचा रोशन परेरा यांना, काशीमिऱ्याच्या एका हॉटेलात ‘टाइम मॅनेजमेंट’च्या एक दिवसाच्या वर्गाला नेलं.

वर्ग घेणारा माणूस टाय लावून आला होता. आल्या आल्या त्याने विचारलं, “काल दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत होता?” रोशनने फटकन सांगितलं, सुरतच्या पार्टीचा फॉलोअप. आंबेरकरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “नक्की आठवत नाही. पण काल कुणाला लागलं-बिगलं नाही.” सगळा हॉल हसला. आंबेरकर गंमत करत नव्हते, पण सगळे हसले म्हणून तेही हसले. मग फळ्यावर अ, ब, क असे तीन वर्ग झाले. अ म्हणजे महत्त्वाचं काम, ब म्हणजे दुसऱ्याला देण्यासारखं, क म्हणजे वाया. शेवटी जेवण, आइस्क्रीम आणि प्रत्येकाला एकेक तपकिरी रेक्झिनची डायरी, पाव-पाव तासाच्या ओळी आखलेली.

दुसऱ्या दिवशी जितेंद्रने दोघांना केबिनमध्ये बोलावून साध्या आवाजात सांगितलं, “दोन आठवडे खरं खरं लिहा. कुठल्याही भाषेत लिहा. आपल्याला पुढे एकच जनरल मॅनेजर ठेवायचाय. डायऱ्या बघून ठरवू.” दुसऱ्याचं काय, हे रोशनने विचारलं नाही आणि आंबेरकरांनी तर नाहीच नाही. त्यांचं वय एक्कावन्न होतं. भाईंदरच्या गाळ्यांमधून एक्कावन्न वर्षांच्या माणसाला नवी नोकरी कोण देतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आंबेरकरांची हयात रजिस्टरं लिहिण्यात गेली होती. शिवडीच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर म्हणून लागले, तेव्हाच्या साहेबांनी त्यांना शिकवलं होतं: जे झालं ते लिहायचं, का झालं ते लिहायचं नाही, आणि खाडाखोड तर मुळीच करायची नाही, इन्स्पेक्टर आधी खाडाखोड बघतो. डायरीही ते तशीच लिहीत होते. बुधवारचं पान असं होतं:

८.४५ फाटक. सीतारामशी बोललो. वीज नाही.
९.०० डाय-साच्यांच्या कपाटाची किल्ली शोधली.
९.१५ सदर.
९.३० किल्ली सापडली. माझ्याच खिशात.

सीताराम हा जवळच्या मोरवा गावचा म्हातारा वॉचमन. त्या सकाळी तो म्हणाला होता, “सायेब, लायट न्हाय. धा वाजता येल बोलतान.” हे बोलायला पाव तास लागला नव्हता, पण सीतारामच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायला लागला. तेही आंबेरकरांनी लिहिलं असतं, ओळीत जागा उरली नाही म्हणून राहिलं.

रोशनची डायरी त्यांनी एकदा सहज पाहिली. प्लॅनिंग, रिव्ह्यू, फॉलोअप, पुन्हा प्लॅनिंग. अक्षर सुरेख, इंग्रजी त्याहून सुरेख. त्यात किल्ली कुठेच हरवलेली नव्हती.

घरी त्यांच्या बायकोने, उर्मिलाबाईंनी, रविवारी ही डायरी वाचली. त्या दिवशी पाण्याची पाळी होती. भाईंदर पश्चिमेला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं, त्यामुळे संध्याकाळी पाच ते साडेसहा त्या मोरीतून हलायच्या नाहीत. ड्रम, कळशा, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून झाली, तेव्हा पदराला हात पुसत त्या टेबलाशी बसल्या आणि एकामागून एक पानं उलटत गेल्या.

“अहो, हे काय? उभा, सदर. उभा, सदर. पुन्हा दुपारी साडेचारला उभा, सदर. तुम्हाला उभं राहायचा पगार देतात का?”

“होतो उभा, म्हणून लिहिलं.”

“आणि किल्ली माझ्याच खिशात! हे कोण लिहितं? घरचं माणूससुद्धा कबूल करत नाही.” त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. “आपल्या नीलमचं कॉलेज दोन वर्षं आहे अजून. तुम्ही का उभे राहता ते तरी लिहा ना. सेफ्टी म्हणून लिहा. खोटं आहे का ते?”

“खोटं नाही.”

“मग?”

आंबेरकरांनी डायरी ओढून घेतली आणि मिटली. उर्मिलाबाईंना कारण अर्धंच माहीत होतं. सात वर्षांपूर्वी, अठ्ठ्याऐंशी साली, तीन नंबरवर शिवा होता. प्रेसला हाताच्या आडोशाला एक जाळी असते, गार्ड म्हणतात. गार्ड खाली असला की हात आत जात नाही, पण माल निम्मा निघतो. म्हणून तो तारेने वर बांधून ठेवायची पद्धत होती, आणि ती तार आंबेरकरांच्या डोळ्यांदेखत बांधली जायची. त्या दिवशी मोठं गिऱ्हाईक आलं म्हणून शेठने त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. पावणेबाराला जेवणाची सुट्टी. त्याआधीचा अर्धा तास वाईट असतो, पोटात भूक आणि हातात घाई. शिवाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. इथवर उर्मिलाबाईंना माहीत होतं. तेव्हापासून जेवणाआधी अर्धा तास आणि सुटायच्या आधी अर्धा तास आंबेरकर प्रेसजवळ उभे राहतात, कुणाचा हात घाई करायला लागला की नुसते खाकरतात, हेही माहीत होतं.

माहीत नव्हतं ते हे, की अपघाताच्या रजिस्टरमध्ये आंबेरकरांनी त्या दिवशी पहिल्यांदा ‘का’ लिहिलं होतं. शेठ शेजारी उभे होते. ‘कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. गार्ड जागेवर होता.’ स्वच्छ अक्षर, एकही खाडाखोड नाही. खाली शिवाच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. सेफ्टी असं आता लिहावं, तर ती कशापासूनची, असं कुणीतरी विचारणार, आणि मग ते रजिस्टर उघडावं लागणार. बायकोला हे सांगायची सात वर्षांत त्यांची हिंमत झाली नव्हती, त्या दिवशीही झाली नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी रोशनने त्यांना गाठलं. हा इथल्याच डोंगरी गावचा पोरगा, पस्तिशीचा, बसने यायचा-जायचा. मनाने साफ होता. त्याने एक कोरी डायरी त्यांच्या टेबलावर ठेवली.

“साहेब, एक्स्ट्रा होती माझ्याकडे. शनिवारपर्यंत नवीन लिहून काढा. मी सांगतो काय काय टाकायचं. ते किल्लीचं नि उभं राहायचं काढून टाका प्लीज. जितूभाई लाल पेन्सिल घेऊन बसलेत.”

“तुझा फायदा नाही का रे मी असंच लिहिण्यात?”

रोशन ओशाळला. “आहे ना. पण असा नको.”

आंबेरकर ती डायरी घरी घेऊन गेले. संध्याकाळी नवं पेन घेऊन बसलेही. सोमवार, पावणेनऊ: ‘दिवसाचे नियोजन.’ नऊ: ‘उत्पादनाचा आढावा.’ लिहायला सोपं होतं, हातही छान चालत होता. सव्वाअकराच्या ओळीशी हात थांबला. ‘सुरक्षा पाहणी. गार्ड’ एवढं लिहिलं आणि पुढचं त्यांच्याच्याने लिहवेना. गार्ड अजूनही तारेने बांधलेलाच होता. जागेवर होता हे एकदा लिहून झालं होतं. आंबेरकरांना एकदम थकवा आला, एवढा, की पेनला टोपण लावायचंही जिवावर आलं. त्यांनी कोरी डायरी मिटून नीलमला गणितं करायला देऊन टाकली.

शनिवारी जितेंद्रच्या टेबलावर दोन्ही डायऱ्या होत्या. आंबेरकरांच्या डायरीत लालच लाल झालं होतं.

“शशिकांतभाई,” जितेंद्र आंबेरकरांना म्हणाला, “वाईट वाटून नका घेऊ. तुम्ही एकदम प्रामाणिक लिहिलंय, मला आवडलं. पण हे बघा. रोज एक तास तुम्ही नुसते उभे राहताय. का?”

इतकं सरळ कुणी विचारेल असं आंबेरकरांना वाटलं नव्हतं. त्यांनी टेबलाच्या कडेला हात धरला आणि सांगून टाकलं. गार्ड, तार, गिऱ्हाईक, शिवा. “रजिस्टरला निष्काळजीपणा लिहिलंय ते खोटं आहे जितूभाई. मी लिहिलंय. गार्ड वर बांधलेला मला माहीत होता. आजही बांधलेलाच आहे. तो खाली करा, मग मला तिथे उभं राहायला नको.”

जितेंद्रने लाल पेन्सिल खाली ठेवली. मग उठून त्याने केबिनचं दार लोटलं.

“ते पप्पांच्या वेळचं आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही डायरीत नाही लिहिलं ते बरं केलं. गार्ड खाली केला तर एक्सपोर्टची ऑर्डर जाते, तुम्हालाच माहितीये. नवीन प्रेस आणायचीच आहे, पुढच्या वर्षी बघू.” तो परत खुर्चीत बसला. “आणि तुम्हीच सांगा, सात वर्षांत किती अ‍ॅक्सिडेंट झाले?”

“एकही नाही.”

“मग? म्हणजे उभं राहायची गरज नाहीये ना.”

आंबेरकरांनी टेबलाची कड सोडली. या हिशेबाला काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच साहेबाने त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. ते खिडकीतून बाहेर सीतारामकडे बघत राहिले.

सोमवारपासून रोशन जनरल मॅनेजर झाला आणि आंबेरकर नाल्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये ‘रेकॉर्ड’ बघायला गेले. पगार तोच. डायरी मात्र चालू ठेवायची, असं जितेंद्रने आवर्जून सांगितलं. “सवय लागलीये तर सोडू नका. दर शनिवारी मला दाखवा.”

त्यांची खुर्ची गोडाऊनपर्यंत शिवाने डोक्यावरून नेली. शिवा आता पॅकिंगला होता. पातेल्यांत पातेली घालून, मध्ये कागद सारून, तीन बोटांनी सुतळी अशी आवळायचा की पाच बोटांवाल्यांनी बघत राहावं. खुर्ची ठेवून तो घाम पुसत थांबला.

“साहेब, मग सव्वाअकराला कोण उभं राहणार?”

“जितूभाई म्हणतात, गरज नाही.”

“रोशनसाहेब?”

“त्याच्या मीटिंगा असतात त्या वेळेला.”

“बरं,” शिवा म्हणाला आणि जायला वळला.

“शिवा.” आंबेरकरांनी हाक मारली. “ते रजिस्टर आहे ना. तुझ्या अपघाताचं. त्यात मी जे लिहिलंय ते…”

“माहितीये साहेब.” शिवाने मान वळवली नाही. “मला वाचता येतं. सातवी झालोय मी जालन्याला. सही पण येते. उजव्या हाताला पट्टी होती म्हणून अंगठा दिला.”

एवढं बोलून तो गेला. नाल्यावरच्या फळीवरून त्याची पावलं वाजली, तेवढीच. आंबेरकर खुर्चीवर बसले ते चहा आला तरी बसूनच होते. त्या दिवशीच्या डायरीत दहा ते अकराच्या चारही ओळी कोऱ्या आहेत.

गोडाऊनमध्ये काम असं नव्हतंच. माल पाठवल्याची जुनी चलनं लावायची, उंदरांनी खाल्लेली वेगळी काढायची. सव्वाअकरा वाजले की पाय आपोआप उठायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसातून एक फाइल हवी होती. फाइल शिपायाकडून मागवता आली असती. आंबेरकर स्वतः गेले, आणि सव्वाअकराला पाच कमी असताना निघाले ते सव्वाअकरा वाजून पाच मिनिटांनी पोहोचले, कारण वाटेत त्यांनी दोनदा परत फिरायचं ठरवलं होतं.

मागच्या दाराने आत शिरताना त्यांना तीन नंबरची प्रेस दिसली. जीवन चकत्या घालत होता. त्याच्यापासून चार पावलांवर, खांबाला पाठ न टेकता, शिवा उभा होता. हात मागे बांधलेले. त्यामागे पॅकिंगच्या टेबलावर पातेल्यांचा ढीग तसाच पडून होता. जीवनचा हात जरा घाईने आत गेला. शिवा खाकरला. हात मागे आला, पुन्हा नीट गेला.

शिवाने त्यांना पाहिलं की नाही, कळलं नाही. आंबेरकर फाइल न घेताच परत फिरले.

शुक्रवारी दुपारी गोडाऊनचा फोन वाजला. रोशन होता. नव्या पदाने त्याचा आवाज आठवड्याभरात थकला होता.

“साहेब, तुम्हाला काही आयडिया आहे का? शिवाचं पॅकिंग रोज अर्धा-पाऊण तास मागे पडतंय. जितूभाईंनी घड्याळ लावून बघितलं. सव्वाअकराला टेबलावर नसतो म्हणतात. साडेचारला पण. त्याला विचारलं तर बोलतच नाही. सोमवारी त्याला घरी बसवायचं म्हणताहेत.”

आंबेरकरांनी डायरी जवळ ओढली.

“माझ्याकडे असतो तो.”

“तुमच्याकडे?”

“हो. जुनी चलनं आणि पॅकिंगच्या चिठ्ठ्या जुळत नाहीत. त्याच्याशिवाय कुणाला कळणार त्या? मीच बोलावतो रोज. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. अजून बरेच महिने लागतील म्हणून सांग जितूभाईंना. हवं तर माझी डायरी बघा म्हणावं, लिहिलेलं आहे सगळं.”

पॅकिंगच्या टेबलावरून तीन नंबरची प्रेस दिसते, आणि रोशनच्या केबिनच्या काचेतून दोन्ही दिसतात.

“ओके साहेब,” रोशन म्हणाला. “डायरीत आहे म्हणून सांगतो.”

आंबेरकरांनी फोन ठेवला आणि डायरी उघडली. त्या आठवड्यातल्या सव्वाअकराच्या आणि साडेचारच्या ओळी त्यांनी कोऱ्याच सोडल्या होत्या, तेवढं बरं झालं होतं. सोमवारपासून सुरुवात करून त्यांनी प्रत्येक दिवशी लिहिलं, ‘शिवाबरोबर चिठ्ठ्या जुळवल्या.’ साडेअकराला ‘सदर.’ दुपारी साडेचारलाही तेच, पावणेपाचला ‘सदर.’ जितेंद्रची लाल पेन्सिल यावरून फिरणार, एवढी वर्षं काढलेल्या माणसाला चिठ्ठ्या जुळवायला मदतनीस लागतो असं तो म्हणणार, आणि कदाचित या खुर्चीचीही गरज नाही असं त्याला वाटणार, हे सगळं त्यांना दिसत होतं. अक्षर मात्र स्वच्छ आलं. खाडाखोड कुठेही नव्हती.

शुक्रवार भरून झाला. पान उलटून त्यांनी शनिवारची सव्वाअकराची ओळ काढली, आणि तीही आदल्या दिवशीच भरून ठेवली. मग पुढच्या सोमवारची.